गोदाकाठी दोन जावा

चपला इथेच ठेवा, रामकुंडाच्या वरच्या पायरीवर. नाशिककर नदीला सहसा गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' एवढे सांगून तो घरातून निघतो, आणि आज तुम्हीही तसेच निघाला आहात. समोर कोणा परगावच्या कुटुंबाचा अस्थिविसर्जनाचा विधी चालला आहे. गुरुजी गोत्र विचारताहेत, पूजेचे साहित्य विकणारी बाई सुट्टे पैसे मागते आहे, वरच्या पुलावर रिक्षांचे हॉर्न वाजताहेत. तुम्ही एक पाऊल पाण्यात टाका.

पायाखालचा दगड गार आहे. हे कुंड १६९६ मध्ये बांधले गेले, आणि पुढे त्याची दुरुस्ती एका पेशव्याच्या आईने करवली. गोपिकाबाई तिचे नाव. नानासाहेब पेशव्यांची पत्नी, पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांची आई, थोरल्या माधवरावांची आणि शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावांचीही आई. तिचे उत्तरायुष्य इथून तीन कोसांवर, गंगापूरला गेले. तिची धाकटी जाऊ आनंदीबाई. तिचा वाडा त्याच वाटेवर, इथून दीड कोसावर, आनंदवल्लीला. मराठी राज्य ज्या भाऊबंदकीने पोखरले, तिच्यातल्या या दोन जावा एकाच नदीच्या एकाच काठावर राहिल्या आणि दोघींचा शेवटही याच पाण्याशेजारी झाला. त्यांच्याकडेच निघालो आहोत.

दुसरे पाऊल टाका. हॉर्न थांबले आहेत. वर पाहा, पूल नाही. नदीचा आवाज एकदम मोठा झाला आहे. आपण कोणत्या सालात आलो ते कोणाला विचारू नका, आजूबाजूच्या देवळांवरून ओळखा. नारोशंकराची घंटा वाजते आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून ती आली, आणि हे देऊळ १७४७ चे. पलीकडच्या अंगाला सुंदरनारायणाचे देऊळ नवे दिसते, ते १७५६ चे. पंचवटीच्या बाजूला मात्र काळ्या दगडाचे शिखर नाही. काळाराम मंदिर १७९० च्या सुमारास पुरे होईल, आज त्या जागी जुने लहान देऊळ आहे. म्हणजे तुम्ही या दोन्हींच्या मधे आहात. साल १७६७.

काठाकाठाने वर चाला, मावळतीकडे, पाण्याच्या उलट. आज जिथे गंगापूर रोडवर इमारतींच्या पाट्या आणि कोचिंग क्लासचे फलक दिसतात, तिथे बाभळी आहेत, मळे आहेत, मोटेचे कुरकुरणे आहे. दीड कोसाने घोड्यांची लीद दिसू लागते. पागा आली म्हणजे सरदाराचा मुक्काम आला. या गावाचे जुने नाव चौंढस. नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव यांनी इथे वाडा बांधला आणि बायकोच्या नावावरून गावाला आनंदवल्ली म्हटले. बायकोचे नाव गावाला देणारा पुरुष त्या काळात विरळाच, हे ध्यानात असू द्या. ज्या बाईला पुढची दोन शतके खलनायिका म्हणून ओळखतील, तिच्या नवऱ्याला ती एवढी प्रिय होती.

वाड्याच्या दिंडी दरवाजात उभे राहा. तुम्ही कोणाला दिसत नाही. आत गडबड आहे, कारण पुण्याहून स्वतः पेशवे आले आहेत. सदरेवर बसलेला तो गोरापान, कृश तरुण माधवराव. वय बावीस. समोर काका, वय तेहेतीस. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत जाऊन आलेला हा माणूस. अटकेपार झेंडे नेले म्हणून शाळेत आपण याचेच नाव पाठ केले आहे. नानासाहेब २३ जून १७६१ ला पर्वतीवर वारले तेव्हा माधवराव सोळा वर्षांचा होता, आणि काकाला वाटले की राज्य आपण चालवावे. त्यात गैर काहीच नव्हते, कारण अल्पवयीन पेशव्याचा कारभार काकाने पाहणे रीतीला धरूनच होते. बिघडले ते नंतर, पोरगा काकापेक्षा शहाणा निघाला तेव्हा. १७६२ मध्ये आळेगावला काकाने पुतण्यावर फौज घातली, त्याला शरण आणले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाच्या वेढ्यात अडकलेल्या त्याच काकाला पुतण्याने सोडवले. तरी काकाची मागणी कायम होती: अर्धे राज्य वाटून द्या.

आतल्या चौकाकडे नजर टाका. एका खांबाआड उभी असलेली, नऊवारीचा पदर घट्ट ओढून घेतलेली ती आनंदीबाई. गुहागरकडच्या ओकांची लेक, १७५६ मध्ये या घरात आली. रघुनाथरावांची पहिली बायको जानकीबाई त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. आनंदीबाईंना लिहिता वाचता येते, कारभारातले कळते. बाहेर सदरेवर जे चालले आहे ते तिला ऐकू येते. तिच्या मनात काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. तसे सांगणारे पुष्कळ झाले, त्यातूनच घोटाळा झाला.

ही समेटाची बोलणी टिकली नाहीत. १० जून १७६८ ला, इथून उत्तरेला चांदवडच्या डोंगररांगेत, धोडप किल्ल्याच्या पायथ्याशी काका-पुतण्याची पुन्हा लढाई झाली. काका हरला. त्याला पुण्याला नेऊन शनिवारवाड्यातल्या बदामी बंगल्यात ठेवले. आनंदवल्लीच्या पागा ओस पडल्या. इथे थांबण्यात आता अर्थ नाही, चला वर.

गंगापूरच्या अलीकडे खडकांमधून पाणी कोसळते. आज आपण तिथे सोमेश्वरचा धबधबा पाहायला, भजी खायला जातो. त्या आवाजाच्या पुढे गोपिकाबाईंचा वाडा. ही वाईच्या रास्त्यांची मुलगी. नवऱ्यामागे मुलाच्या कारभारात तिचा शब्द चालत असे. पुढे माहेरच्या रास्त्यांवरून मायलेकांचे बिनसले. गुन्हेगार मामा असला तरी शिक्षा टळणार नाही असे माधवरावांनी ठरवले, अशी ती हकिकत सांगतात. कारण नेमके कोणतेही असो, पेशव्याची आई पुणे सोडून गोदाकाठी आली आणि इथेच राहिली. म्हणजे काही वर्षे तरी असे होते की गंगापूरला थोरली जाऊ, खाली आनंदवल्लीला धाकटी, आणि थोरलीच्या घाटावरून गेलेले पाणी घटकाभराने धाकटीच्या घाटाला लागत असे. मध्ये अंतर दीड कोस. पालखीने अर्ध्या प्रहराचेही नाही.

आता साल बदलते. १७७२. या एका सालात जगाच्या दोन टोकांना दोन राजघराणी आपापल्या घरातले वाद निस्तरत होती, म्हणून क्षणभर लंडनला डोकावून या. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या धाकट्या भावाने, कम्बरलंडच्या ड्यूकने, आदल्या वर्षी राजाला न विचारता एका विधवेशी लग्न लावले. राजा इतका चिडला की १७७२ मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला: राजाच्या संमतीवाचून राजवंशातल्या कोणाचे लग्न ग्राह्य धरले जाणार नाही. कायदा झाल्यावर दुसऱ्या भावाचेही जुने गुप्त लग्न उघडकीला आले. बहीण कॅरोलिन माटिल्डा डेन्मार्कची राणी होती. राजवैद्य स्ट्रुएन्झेशी तिचे संबंध उघड झाले, जानेवारीत तिला अटक झाली, एप्रिलमध्ये त्याचे डोके उडवले. ती स्वतः तीन वर्षांनी, तेविसाव्या वर्षी, माहेरचे तोंड न पाहता परदेशात मेली. लोकांनी चवीने वाचले ते राणीबद्दल. तिचा नवरा वेडसर होता आणि पंधराव्या वर्षी तिला त्याच्या गळ्यात बांधले होते, हे मागे पडले. घराण्याची अब्रू गेली की आधी बाईकडे बोट जाते. गंगापूरला परत या, तिथेही तेच घडणार आहे.

१८ नोव्हेंबर १७७२. थेऊरला गणपतीच्या देवळात माधवराव क्षयाने गेले. वय सत्तावीस. त्यांची पत्नी रमाबाई सती गेल्या. शेवटच्या दिवसांत माधवरावांनी काकाला मोकळे करून धाकट्या भावाचा हात त्याच्या हातात दिला होता. नारायणराव सतरा वर्षांचा होता. पेशवेपदाची वस्त्रे मिळाल्यावर, पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात, तो आईला भेटायला इथे येऊन गेला. तो वाड्याच्या पायऱ्या चढताना तुम्ही पाहता. ओठावर नुकती मिसरूड फुटली आहे. पाया पडतो, आई पाठीवरून हात फिरवते. त्या भेटीत काय बोलणे झाले ते कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून तुम्हीही दाराबाहेर थांबा. एवढे मात्र जाणून असा की हा तिचा उरलेला एकुलता एक मुलगा, आणि तो इकडे असताना पुण्यात काकाच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. तो परतला तेव्हा काकावर पुन्हा पहारे बसले.

आता भाद्रपद. नदीला पूर आहे, पाणी गढूळ, काठावरची झाडे कमरेएवढ्या पाण्यात. वाड्यात गणपती बसून गेले आहेत. तुम्ही ओसरीवर उभे आहात आणि पुण्याच्या वाटेने एक जासूद येतो. चिखलाने माखलेला, डोक्यावरचे मुंडासे भिजलेले. तो कोणाशी बोलत नाही. खलिता देतो आणि खाली बसतो. आतून कुणबीण पाणी घेऊन येते, तो पीत नाही. त्यावरूनच सगळ्यांना कळते.

खलित्यात काय होते ते जाणून घ्यायला तुम्हाला थोडे मागे, पुण्याला जावे लागेल. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला होता. काही शिजते आहे असा इशारा रघुजी आंग्र्यांनी त्याला दिला. त्याने हरिपंत फडक्यांना गारद्यांवर, वाड्यातल्या भाडोत्री शिपायांवर, नजर ठेवायला सांगितले, आणि हरिपंत जेवायला गेले. दुपारी जेवणानंतर पेशवे पडले असताना सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ यांचे गारदी थकलेल्या पगाराचा ओरडा करीत वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकाच्या दालनात गेला. त्याने काकाला मिठी मारली. 'काका, मला वाचवा' ही हाक महाराष्ट्राने तेव्हापासून कानांत जपून ठेवली आहे. तुळाजी पवाराने त्याला ओढले, सुमेरसिंगाने वार केला. चाफाजी टिळेकर नावाचा चाकर धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मारला गेला. त्या दुपारी वाड्यात अकरा माणसे मारली गेली, त्यांत दोन दासी. एक गायसुद्धा. वाड्यात अकरा प्रेते पडली असताना दादासाहेबांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, नावाने द्वाही फिरली.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. त्यांच्यासमोर चिठ्ठीचा प्रश्न आला. नारायणरावाला 'धरावे' असा हुकूम होता, त्याचे 'मारावे' कोणी केले? रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना सांगितले की याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, आणि पुणे सोडून ते वाईकडे निघून गेले. न्यायाधीशाने बोट ठेवले ते रघुनाथरावांवर. 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला हे नंतर लोकांच्या तोंडी रुजले आणि म्हण होऊन बसले. मराठीत आज कोणी मजकूर फिरवला की आपण सहज 'ध चा मा' म्हणतो. तो शब्द उच्चारताना आपण एका बाईला दरवेळी पुन्हा दोषी ठरवतो.

तुम्ही आता त्या ओसरीवर उभे आहात, म्हणून विचारतो. समजा, अक्षर तिनेच बदलले. तरी मूळ चिठ्ठी काय सांगत होती? राज्याच्या धन्याला, अठरा वर्षांच्या पोराला, त्याच्याच घरात, हत्यारबंद भाडोत्री शिपायांनी पकडावे. पकडताना तो हातपाय हलवणार, त्याचे चाकर मध्ये पडणार, तलवारी निघणार, हे लाहोरपर्यंत फौज नेणाऱ्या सेनानीला कळत नव्हते? 'धरावे' आणि 'मारावे' यांत गारद्यांच्या लेखी एका अक्षराचेच अंतर होते. ते अंतर इतके कमी ठेवणारा माणूस रघुनाथराव. खून त्याच्या मिठीत झाला. माझे मत विचाराल तर आनंदीबाईंना निर्दोष ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, पण तिला एकटीला दोषी ठरवण्याइतका कोणाकडेच नाही.

आत गोपिकाबाई बसल्या आहेत. वय पन्नाशीच्या आत. थोरला पानिपतावर, अठराव्या वर्षी. मधला थेऊरला. धाकटा घरात, आणि तोही अठरा वर्षांचा. त्या रडल्या की नाही, काय बोलल्या, हे तुम्ही ऐकू नका. पुढे त्यांनी अंगावरचे सगळे टाकले, पंचवटीत भिक्षा मागू लागल्या आणि भिक्षा घ्यायची तीही फक्त सरदारांच्या बायकांच्या हातून, अशी आठवण सांगतात. ती खरी असेल तर त्यात मला वैराग्याइतकाच एक जाब दिसतो. तुमच्या नवऱ्यांनी सांभाळायचे होते, असे ती झोळी प्रत्येक दारात जाऊन म्हणत असेल.

पण या बाईने हातपाय गाळले नाहीत. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू या कारभाऱ्यांच्या गटाने, बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला. नाना गंगापूरला पत्रे पाठवीत, सल्ला घेत. नातू कळता झाल्यावर आजीने त्याला उपदेशाचे एक पत्र पाठवले: केव्हा उठावे, पूजा, अभ्यास, कसरत, दरबारात कसे वागावे, कोणाचे ऐकावे. मोडीतला कागद, बोरूची अक्षरे, वर वाळूचे कण. नदीकाठी बसलेली आजी नातवाच्या दिवसाचा घटकाघटकांचा हिशेब मांडते आहे, कारण तीन मुलांच्या बाबतीत तिला तो मांडता आला नव्हता. मराठीतली आईआजीची पत्रे कोणी एकत्र केली तर हे पहिले ठेवावे.

वर्षे तुमच्या बाजूने झपाट्याने वाहतात. रघुनाथराव इंग्रजांकडे पळाले. ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह, साष्टी आणि वसई देण्याचे वचन. १७८१ मध्ये त्यांचे वकील हनुमंतराव आणि पारशी मणिआर रतनजी लंडनला पोचले. पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने त्यांना आपल्या गावच्या घरी ठेवून सोवळ्यात स्वयंपाकाची सोय करून दिली. मराठ्यांच्या घरातले भांडण तिसऱ्या जॉर्जच्या राजधानीत जाऊन बसले होते. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, दादासाहेबांना महिना पंचवीस हजार रुपये नेमणूक ठरली, आणि ते कोपरगावला, याच गोदावरीच्या काठी, येऊन राहिले. ११ डिसेंबर १७८३ ला तिथेच वारले.

१७८८ च्या ऑगस्टमध्ये गोपिकाबाई नाशकात गेल्या. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिकडे इंग्लंडला तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि त्याचा मुलगा कारभार हाती घ्यायला टपून बसला. पंचवटीत तेव्हा काळारामाच्या कामाचे दगड घडत होते. त्या टाक्यांचा आवाज गोपिकाबाईंच्या शेवटच्या दिवसांत कानावर पडला असेल.

आता पाण्याबरोबर खाली या. परत आनंदवल्ली, साल १७९३. दरवाजात पहारे आहेत, या वेळी नाना फडणीसांचे. कोपरगावहून आनंदीबाई आणि मुलांना इथे आणून ठेवले आहे. सव्वीस वर्षांपूर्वी खांबाआड उभी असलेली ती बाई ओळखू येत नाही. मधल्या काळात तिने काय पाहिले? नवरा जवळ नसताना धारच्या किल्ल्यात, फौजांच्या धास्तीत, जानेवारी १७७५ मध्ये तिने बाजीरावाला जन्म दिला. मग कैद. नवरा वारला तेव्हा ती गरोदर होती, चिमाजी आप्पा मार्च १७८४ मध्ये, बाप गेल्यावर जन्मला. अंगणात बाजीराव दिसतो. वय अठरा. नारायणराव मेला तेव्हाचे वय. त्याने कोणाचा खून केलेला नाही, तरी जन्मल्यापासून तो पहाऱ्यातच आहे. नानांना त्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. पण असे वाढवलेले पोर पुढे कसे होणार? १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह करून त्याने इंग्रजांना घरात घेतले, आणि ३ जून १८१८ ला पेशवाई इंग्रजांच्या माल्कमच्या हाती दिली. आपण त्याला पळपुटा म्हणून मोकळे होतो. त्याचे बालपण कोठडीत गेले, याचा हिशेब त्या शिवीत येत नाही.

संध्याकाळ झाली आहे. आनंदीबाई घाटाकडे तोंड करून बसल्या आहेत. वरून, गंगापूरकडून, पाणी येते आहे. तिथला वाडा आता रिकामा आहे. मार्च १७९४ मध्ये आनंदीबाई इथेच वारल्या, पहारा उठला नव्हता. त्यानंतर मुलांना जुन्नरला, शिवनेरीवर हलवले.

डोळे उघडा. वर पूल आहे, हॉर्न आहेत, चपला जागेवर आहेत.

घरी जाताना एक करा. गंगापूर रोडने जा आणि आनंदवल्लीला उतरा. नवश्या गणपतीचे देऊळ नदीकाठीच आहे. रघुनाथराव आणि आनंदीबाईंच्या नवसाशी त्याची गोष्ट जोडलेली आहे, मुलासाठी केलेल्या नवसाशी. सोबत लेकरे असतील तर त्यांना 'ध चा मा' सांगा, जरूर सांगा. फक्त ती चिठ्ठी गारद्यांच्या हाती कोणी दिली, तेही त्याच दमात सांगा.